बाटलीतलं पाणी काय करतं?

मंडळी, दोन वर्षांपूर्वी मी न्हाणीघरात घसरून पडलो. डाव्या बाजूच्या दोन बरगड्या मोडल्या, त्यातल्या एकीचं टोक फुफ्फुसात घुसलं. तिथून सुटलेली हवा छातीत साठली आणि फुफ्फुस मिटलं. पुढचे पाच दिवस काखेखाली नळी आणि खाटेखाली पाण्याची बाटली. तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं आज हा विषय का घ्यावा, त्याचं कारण हे.

फुफ्फुस आपण होऊन फुगत नाही. त्याचा स्वभाव रबरासारखा, आक्रसण्याचा. छातीच्या भिंतीची ओढ मात्र बाहेर. दोघांमध्ये दुपदरी आवरण, त्यात जेमतेम चार थेंब द्रव. या रस्सीखेचीमुळे तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो, साधारण ५ सेंटीमीटर पाण्याइतका. एवढ्याशा उणेपणावर फुफ्फुस उघडं राहतं. वैशेषिकांनी ‘अभाव’ हा पदार्थच मानलाय. मी तो जन्मभर वर्गात शिकवला, कळला तो खाटेवर.

आता छातीतली हवा बाहेर तर काढायची, पण बाहेरची आत येऊ द्यायची नाही. म्हणून नळीचं टोक पाण्यात सुमारे २ सेंटीमीटर बुडवून ठेवतात. आतली हवा बुडबुडे होऊन निघून जाते. परतीच्या वाटेवर पाणी आडवं. हँबुर्गच्या ब्यूलाऊ या डॉक्टरनं १८९१ साली ही रीत प्रसिद्ध केली, ती छातीतला पू काढण्यासाठी. १९१८ मध्ये अमेरिकन लष्करी छावण्यांत न्यूमोनियानंतर छातीत पू झालेल्या जवानांची छाती घाईनं उघडत, बाहेरची हवा आत शिरे, आणि माणसं दगावत. एव्हर्ट्स ग्रॅहॅम ज्यात होते त्या आयोगानं बंद नळीचा आग्रह धरला, तेव्हा मृत्यू झपाट्यानं कमी झाले.

नळी घालताना ती खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून घालतात, कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. हे एवढंच सांगतो. पुढची देखभाल जास्त महत्त्वाची, कारण ती घरच्यांच्याही डोळ्यांसमोर चालते.

दुसऱ्या दिवशी एक्स-रेला नेताना मदतनिसानं बाटली उचलून माझ्या पोटावर ठेवली, आणि पाणी सांडू नये म्हणून नळीला चिमटा लावायला निघाला. बिचाऱ्याचा हेतू चांगलाच! सिस्टर धावत आल्या. “बुडबुडे येतायत ना? मग चिमटा नाही!” गळती चालू असताना वाट बंद केली, तर हवा आत कोंडते, हृदयाला आणि मोठ्या शिरांना बाजूला रेटते; माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. आणि बाटली छातीच्या वर गेली, तर पाणी उलटं छातीत उतरतं. ती कायम खालीच हवी, उभी.

श्वासागणिक नळीतलं पाणी वरखाली होतं. पाचव्या दिवशी ते थांबलं. मुलगा खूश, “बाबा, बरे झालात!” डॉक्टरांनी आधी नळी कुठे मुडपली आहे का ते पाहिलं. कारण पाणी थांबण्याचे अर्थ दोन: फुफ्फुस पुरतं उघडलं, किंवा नळी तुंबली. खोकायला सांगितलं, बुडबुडा नाही. मग एक्स-रे. संध्याकाळी म्हणाले, “सर, दीर्घ श्वास घेऊन रोखून धरा.” मी धरला, आणि नळी निघाली.