कोरियांतील आपले पहारेकरी

आमच्या परभणीकडे ‘सैन्य आलें’ म्हटलें म्हणजे वडीलधारीं माणसें सप्टेंबर १९४८ ची आठवण सांगत. परंतु सैन्य परदेशीं गेलें, तें कशासाठीं, हा विचार आपल्या घरांत क्वचितच होतो. दोन्ही महायुद्धांत मराठा पलटणी मेसोपोटेमियांत व इटलींत पराक्रमानें लढल्या. पण तें साम्राज्य दुसऱ्याचें होतें. स्वतंत्र भारताचें सैन्य १९५३ मध्यें कोरियांत गेलें, तें निराळ्याच कामासाठीं.

२७ जुलै १९५३ रोजीं तेथें युद्धविराम झाला. त्यापूर्वीं वर्षाहून अधिक काळ वाटाघाटी एकाच प्रश्नावर अडल्या होत्या: जो युद्धकैदी स्वदेशीं परतूं इच्छीत नाहीं, त्याचें काय करावें? असे चिनी व उत्तर कोरियन कैदी साडेबावीस हजारांवर होते. ते मनापासून नाहीं म्हणत, कीं कोणाच्या धाकानें? निर्णयासाठीं भारत, स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया यांचें मंडळ नेमलें गेलें. अध्यक्ष जनरल थिमय्या. कैद्यांच्या रक्षणाचा भार मात्र एकट्या भारतीय सैन्यावर, आणि त्या दलाचे अधिपती कोल्हापूरकडील वडगांवचे मेजर जनरल शंकरराव थोरात.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनीं आपल्या भूमीवर भारतीय शिपायाचें पाऊल पडूं देण्यास नकार दिला. म्हणून आगबोटींवरून हेलिकॉप्टरनें आमचे जवान थेट निर्लष्करी पट्ट्यांत उतरले.

योजना अशी होती कीं, स्वदेशाच्या प्रतिनिधीचें म्हणणें प्रत्येक कैद्यानें एकट्यानें ऐकावें आणि मग दोन दारांपैकीं एकानें बाहेर पडावें. शिक्षकाला यांतील मर्म लगेच कळतें. भरल्या वर्गांत विचारलें तर मूल दांडग्या सोबत्याच्या तोंडाकडे पाहून उत्तर देतें. छावण्यांतही असेच दांडगे पुढारी होते. सप्टेंबरांत कैद्यांनीं एका भारतीय मेजरला कोंडून ठेवलें, तेव्हां थोरात स्वतः कुंपणाच्या आंत गेले आणि गोळी न झाडतां त्याला सोडवून आणलें. ऑक्टोबरच्या आरंभीं मात्र गोळीबार टळला नाहीं; कांहीं कैदी प्राणास मुकले.

नव्वद दिवसांची मुदत संपली, तरी बहुतेकांची पाळी आलीच नव्हती. जानेवारी १९५४ मध्यें उरलेले कैदी ज्यांच्याकडून आले होते, त्यांच्याच स्वाधीन करण्यांत आले. काम अपुरें राहिलें, हें खरें. पण त्यांना बळजबरीनें दाराबाहेर ढकलून तें पुरें करण्याचा मोह आमच्या सैन्यानें धरला नाहीं.

पुढें १९५६ मध्यें गाझांत, १९६० मध्यें काँगोंत, १९९८ मध्यें लेबनॉनमध्यें भारतीय पथकें गेलीं. त्या कामांत शत्रु नसतो, विजयही नसतो. दोन्ही बाजूंचा संशय तेवढा पदरीं पडतो. हातीं शस्त्र असून संयम राखणें ही शिपायाची कठीण परीक्षा होय. आपल्या घरांतील मुलांना लढायांच्या सनावळ्यांबरोबर हीही हकीकत सांगावी, एवढीच विनंति.