जुनी पद्मिनी, घरची देखभाल आणि उस्तादांची मजुरी

औंढा नागनाथच्या आमच्या कापड दुकानाशेजारी एक पांढरी प्रीमियर पद्मिनी उभी असते. १९८६ साली मरहूम अब्बांनी ती घेतली. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता. तो १ मे १९९९ रोजी झाला. त्यामुळे गाडीचे कागद परभणीचे आहेत. गिऱ्हाईक विचारतात, "सेठ, ही भंगारात का देत नाही?" उत्तर सोपे आहे. गाडी अजून चालते, आणि ती चालवण्याचा बराचसा खर्च आम्ही आमच्या हातांनी वाचवतो. मात्र कोणता खर्च वाचवावा आणि कोणता वाचवू नये हे शिकायला आम्हाला एक फटका बसावा लागला. तो हिशेब व्यापारी बंधूंसमोर मांडतो.

दोन दारांच्या, ठेंगण्या छपराच्या जुन्या कूपे गाड्या मुंबईच्या श्रीमंतांनी ठेवाव्यात. आमच्या मुलुखात ऐट म्हणजे पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बांधली. तीच पुढे १९७४ च्या सुमारास पद्मिनी झाली. त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. नव्या शतकाच्या सुरुवातीला ही गाडी बनायची बंद झाली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या.

इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. गिअरचा दांडा स्टिअरिंगला. बॉनेट उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो. संगणक नाही. म्हणूनच ही गाडी घरी सांभाळता येते.

घरी करायची कामे

रोज सकाळी रेडिएटरचे पाणी, इंजिनचे ऑइल आणि बॅटरीचे पाणी पाहावे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. वाफेने हात भाजतो. पंख्याचा पट्टा बोटाने दाबून पाहावा. सेंटिमीटरभर दबला तर ठीक.

गाडी धक्के देऊ लागली की आधी पॉइंट पाहावेत. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून हँडलने इंजिन हळूहळू फिरवावे. पॉइंट पूर्ण उघडले की फटीत फीलर गेज घालावा. फट साधारण ०.४५ मिलिमीटर हवी. पॉइंट काळे पडले असतील तर बारीक कानसीने साफ करावेत. कापडात सुताचा नंबर चुकला तर माल परत येतो, तसेच हे माप आहे. अंदाजाने केले की गाडी सुरू होते, पण पेट्रोल जास्त पिते.

स्पार्क प्लग काढून त्याचा रंग पाहावा. तपकिरी असेल तर इंजिनची तब्येत चांगली. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते. प्लग तेलकट असेल तर रिंगा झिजल्या, ते काम उस्तादांचे. कार्ब्युरेटरचे जेट हवेने फुंकून साफ करावेत, सायकलचा पंपही चालतो. त्यात सुई किंवा तार कधीच घालू नये. पितळेचे भोक मोठे होते आणि पेट्रोलचे माप कायमचे बिघडते.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पद्मिनीचा जुना आजार म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन पंप अडणे. गाडी चढावर बंद पडते आणि काही केल्या सुरू होत नाही. उपाय सर्व ड्रायव्हरांना ठाऊक आहे: पंपावर ओले फडके ठेवणे. त्यात आमच्या धंद्याची एक गोष्ट सांगतो. फडके सुती हवे. टेरिकॉट पाणी धरत नाही, सुती कापड धरते आणि पाणी सुकताना पंप थंड होतो. गाडी पुसायलाही जुने मऊ सुती कापडच घ्यावे. झाकायला प्लॅस्टिकची ताडपत्री घेऊ नये. आत दमटपणा कोंडतो आणि पत्रा गंजतो. शेडखाली जाड मांजरपाटाची खोळ बरी.

पावसाळ्याआधी दारांच्या तळाची पाणी जाण्याची भोके काडीने मोकळी करावीत. पद्मिनीचा पत्रा सहसा तिथूनच कुजतो. पुढच्या चाकांच्या सांध्यांना ग्रीस नियमित भरावे. खाली शिरताना नुसत्या जॅकवर विसंबू नये. लाकडाचे भक्कम ठोकळे लावावेत आणि मागच्या चाकांना दगड द्यावेत.

एक नवी काळजी आली आहे. २०२५ पासून देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. पद्मिनीच्या काळचे रबर त्यासाठी बनलेले नाही. इथेनॉल हवेतले पाणीही ओढून घेते. म्हणून पेट्रोलच्या जुन्या नळ्या आणि पंपाचा पडदा बदलून घ्यावा. गाडी महिनोन्‌महिने टाकीत पेट्रोल ठेवून उभी करू नये.

कागदांचाही खर्च धरावा. खासगी गाडीची १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी फेरनोंदणी लागते. २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ पासून ही फी १०,००० रुपये झाली आहे.

आम्हाला बसलेला फटका

हे सर्व जमू लागले तेव्हा आम्हाला वाटले, आता उस्तादांची गरज काय? हिंगोलीचे आमचे उस्ताद अब्बांच्या वेळेपासून ही गाडी पाहतात. एका वर्षी पुढच्या ब्रेकच्या कामाची त्यांनी मजुरी सांगितली. आम्ही घासाघीस केली आणि शेवटी काम घरीच करायला घेतले. चाकाचे सिलिंडर उघडले. आतल्या रबरी वाट्या मळल्या होत्या. त्या रॉकेलमध्ये स्वच्छ धुतल्या आणि परत बसवल्या.

चार दिवसांनी कापडाचे गठ्ठे भरून जिंतूरच्या बाजाराला निघालो. सोबत धाकटा मुलगा होता. वाटेतल्या उतारावर जळका वास आला. मग ब्रेकचा पेडल थेट तळाला गेला. गिअर दुसऱ्यात टाकला, हँडब्रेक ओढत ओढत गाडी कडेच्या मातीत घातली. अल्लाहची मेहेरबानी, समोरून कोणी येत नव्हते. मुलगा बराच वेळ बोलला नाही.

उस्ताद शागिर्दाला घेऊन जीपने आले. चाक उघडले, फुगलेली वाटी आमच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "सेठ, रबर को घासलेट नक्को दिखाव." रॉकेलने रबर फुगते. फुगलेली वाटी मागे सरत नाही, ब्रेक चिकटून राहतो, चाक तापते आणि ब्रेकचे ऑइल उकळून पेडल बसतो. त्या वाट्या फक्त ब्रेक ऑइलनेच पुसायच्या असतात. मजुरी मात्र त्यांनी पूर्वी सांगितली होती तेवढीच घेतली.

तेव्हापासून आमचा नियम पक्का आहे. पाणी, ऑइल, पॉइंट, प्लग, ग्रीस आणि गंज, ही कामे घरची. ब्रेक, स्टिअरिंग, इंजिन उघडणे आणि टाकीजवळचे वेल्डिंग ही कामे उस्तादांची. त्या कामांत घासाघीस नाही.

आता अडचण वेगळीच आहे. सुटे भाग मिळतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा चोरबाजारात शोधले तर जुने नग हाती लागतात. पण ते बसवणारे हात कमी झाले. उस्तादांची नजर मंदावली आहे. त्यांची मुले दुसऱ्या धंद्यात गेली. शागिर्द नव्या गाड्यांकडे वळला. त्याला दोष कसा द्यावा? ज्या कामाची मजुरी आमच्यासारखे सेठ कापतात ते काम तो कशासाठी शिकेल?

आमच्याकडे गाडीची एक वही आहे. अब्बांनी ती उर्दूत सुरू केली. कोणत्या तारखेला काय बदलले, एवढेच तीत असे. आता दुकान बंद असते त्या दिवशी धाकट्याला आम्ही उस्तादांच्या गॅरेजवर बसवतो. तो विचारतो, उस्ताद सांगतात आणि तो मराठीत लिहून घेतो. पहिल्या पानावर त्याने रबर आणि रॉकेलची गोष्ट लिहिली आहे. या शिकवणीचे पैसेही आम्ही उस्तादांना देतो. ते नको म्हणतात, तरी देतो.

ज्या बंधूंकडे जुनी गाडी, जुना माग किंवा जुने शिलाई मशीन असेल त्यांनी सोपी कामे जरूर स्वतः शिकावीत. एक पॉइंट नीट लावायला किती वेळ जातो हे स्वतःच्या हाताला कळले, की कारागिराचे बिल महाग वाटत नाही.