गोडंबी, दाणे आणि काजूगर

दिवाळीच्या फराळातील एखादी बर्फी उचलून पाहिली, तर तिच्या माथ्यावर पिस्त्याचे दोन हिरवे काप आणि चांदीचा वर्ख दिसतो. वर्खाखालचा जिन्नस मात्र बहुतांशी साखर, खवा आणि तूप यांचाच असतो, आणि मेव्याच्या वाट्याला केवळ शोभेचे काम येते. उलटपक्षी, थंडीच्या दिवसांत बाळंतिणीसाठी आणि घरातल्या लहानथोरांसाठी जे डिंकाचे लाडू पिढ्यान्‌पिढ्या वळले गेले, त्यांत खोबरे, खारीक, गोडंबी, बदाम आणि खसखस हाच लाडवाचा मुख्य ऐवज असतो, तुपात फुलवून चुरलेला डिंक त्याला खुसखुशीतपणा देतो, आणि गूळ येतो तो हे सारे बांधून ठेवण्यापुरता. प्रकृतीला मानवेल असे गोडधोड घरी करावयाचे असेल, तर त्याची रीत परमुलखातून मागविण्याचे कारण नाही, ती या लाडवाच्या प्रमाणातच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि प्रस्तुत लेखात त्या प्रमाणाचाच तपशील मांडावयाचा आहे.

या मेव्यांपैकी गोडंबीची ओळख शहरांतून पुसट होत चालली आहे, सबब प्रथम तिच्यापाशी थांबले पाहिजे. गोडंबी म्हणजे बिब्याच्या बीमधला गर. बिब्याचा वृक्ष याच देशातला. विदर्भ-मराठवाड्याच्या पानझडी रानांतून तो आढळतो, आणि त्याच्या टरफलात जो काळा रस असतो त्याने परीट पूर्वी कपड्यांवर खुणा करीत, कारण तो डाग कितीही धुतले तरी निघत नसे. हाच रस कातडीला लागला की फोड उठतात. एकेक बिबा फोडून आतला पांढरा गर अखंड काढणाऱ्या स्त्रियांच्या बोटांवर या कामाच्या खुणा राहतात, आणि दुकानात गोडंबीच्या भावावर घासाघीस करताना ही गोष्ट विसरता कामा नये. वनस्पतिशास्त्राने बिबा, काजू, चारोळी, पिस्ता आणि आंबा यांना एकाच कुळात घातले आहे, आणि ते नाते टरफलापाशीच उघड होते: काजूच्या कवचातले तेलही तितकेच दाहक असल्यामुळे, फाल्गुन-चैत्रात उसळीसाठी ओले काजूगर सोलताना कोकणातल्या बायका हातांना आधी तेल चोळून घेतात.

काजूचे मूळ घर ब्राझीलचा ईशान्य किनारा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला, तेथून तो किनाऱ्याकिनाऱ्याने पसरला, आणि आज सिंधुदुर्गातील वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने निर्माण केलेल्या ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ या जाती कोकणातल्या बागायतदारांच्या तोंडी घरच्या गुरांच्या नावांसारख्या रुळल्या आहेत. भुईमूगही दक्षिण अमेरिकेतलाच. शास्त्रदृष्ट्या तो मेवा नसून डाळीकडधान्यांच्या कुळातली शेंग आहे. तथापि महाराष्ट्राने त्याला असे आपले केले की उपवासाच्या खिचडीपासून भरल्या वांग्यापर्यंत दाण्याच्या कुटावाचून आपल्या स्वयंपाकाचे चालत नाही. बदाम, अक्रोड आणि पिस्ता हे उत्तरेकडून आणि काबूलच्या वाटेने येणारे जिन्नस मात्र फार जुने परिचयाचे: चरकसंहितेच्या सूत्रस्थानात फळांच्या वर्गात वाताम आणि अक्षोट यांचा निर्देश असून ते पचावयास जड, उष्ण, स्निग्ध, मधुर आणि बलदायक असल्याचे सांगितले आहे. पचावयास जड आणि बलदायक ही दोन विशेषणे एकत्र आली आहेत, याकडे मी वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. कारण मात्रेचा सारा प्रश्न त्यात आला.

आता पोषणाचा हिशेब. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. बदामात २१, पिस्त्यात २०, काजूत १८ आणि अक्रोडात १५. म्हणजे सर्वांत स्वस्त जिन्नस प्रथिनांच्या बाबतीत सर्वांत पुढे आहे, आणि काजू-बदाम परवडत नाहीत म्हणून मुलांच्या खाण्यात काही उणे राहिले असे मानून खंतावणाऱ्या गृहिणीने हे आकडे एकदा अवश्य पाहावेत. स्निग्धांश या सर्वांत विपुल, बहुतेकांत जवळजवळ निम्मा आणि अक्रोडात तर १०० ग्रॅममागे ६५ ग्रॅम; परंतु तो मुख्यतः असंपृक्त असतो. सुक्या खोबऱ्याचे तसे नाही, त्यातला स्निग्धांश बहुतांशी संपृक्त असतो, म्हणून खोबरे स्वादापुरते घालून दाणे आणि बदाम यांचे प्रमाण वाढविणे शहाणपणाचे. स्पेनमध्ये हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे ७,४०० स्त्रीपुरुषांवर एक मोठे संशोधन झाले, त्यात भूमध्यसागरी आहारासोबत रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम आणि हेझलनट खाणाऱ्या गटात हृदयविकार, पक्षाघात आदी आघातांचे प्रमाण कमी आढळले. २०१३ साली प्रसिद्ध झालेला तो निबंध गटविभागणीतील दोषांमुळे मागे घ्यावा लागला, आणि फेरतपासणीनंतर २०१८ मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाला तेव्हा निष्कर्ष तोच राहिला. ३० ग्रॅम म्हणजे एक लहान मूठ. अधिक खाल्ल्याने अधिक लाभ होतो, असे त्यातून निघत नाही.

याहून मला महत्त्वाचे वाटते ते अमेरिकेच्या कृषिखात्याच्या संशोधकांनी २०१२ साली बदामांविषयी मांडलेले निरीक्षण. एका वेळच्या २८ ग्रॅम बदामांतून कोष्टकाप्रमाणे सुमारे १७० कॅलरी मिळावयास हव्यात, प्रत्यक्षात शरीराला १२९ च मिळाल्या. कारण दातांखाली ज्या पेशी फुटत नाहीत त्यांतला स्निग्धांश न पचताच बाहेर पडतो. मेवा जितका बारीक वाटावा तितकी ही पेशींची भिंत मोडते. तेव्हा आपल्या आज्या खलबत्त्यात दाणे जाडेभरडे कुटीत, ती रीत दातांना काम देणारी तशीच पोटालाही हितकर होती. आणि आज यंत्राच्या भांड्यात क्षणार्धात लोण्यासारखा लगदा होतो, तेव्हा हात आवरता घेणे आवश्यक झाले आहे.

दाण्याचा लाडू याचे उत्तम उदाहरण. पाव किलो दाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजावेत. आच मोठी केली तर साल करपते आणि आतला दाणा कच्चा राहतो, म्हणून पहिले तडतडणे सुरू झाल्यावर आच आणखी उतरवावी आणि एखादा दाणा दुभंगून तो आतून फिकट बदामी झाला आहे ना ते पाहावे. निवल्यावर तळहातांमध्ये चोळून सुपात पाखडावेत. थोडी साले राहिली तरी बिघडत नाही, त्यांत तंतू असतात. मग यंत्र थांबवीत थांबवीत फिरवून जाडसर कूट करावा, त्यात १२५ ग्रॅम किसलेला गूळ आणि वेलची घालून आणखी एकदोन वेढे द्यावेत. एवढ्यात दाण्यांचे अंगचे तेल सुटू लागते, मिश्रण मुठीत दाबले की टिकते, आणि तुपाचा एक थेंबही न घालता पंधरा लाडू वळले जातात. प्रत्येक लाडवात सुमारे ४ ग्रॅम प्रथिने, ८ ग्रॅम गूळ आणि सव्वाशे कॅलरी येतात. शाळेतून भुकेने आलेल्या मुलाच्या हाती बिस्किटांचा पुडा देण्यापेक्षा यातला एक लाडू आणि पेलाभर दूध देणे किती श्रेयस्कर!

गुळाबद्दल मात्र एक भ्रम दूर केला पाहिजे. गुळात लोहादी खनिजे थोडी अधिक असतात हे खरे, परंतु त्याचाही मोठा भाग साखरच आहे. मधाचे आणि खजुराचेही मुख्य माधुर्य साखरेचेच, फरक इतकाच की खजूर-खारकेत तंतू असतात. ‘साखरविरहित’ अशी पाटी लावून खजुराचे गोळे विकणाऱ्यांनी मधुमेही गिऱ्हाइकाची दिशाभूल करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेली साखर, गूळ, मध यांना आहारातील ऊर्जेच्या १० टक्क्यांची मर्यादा घालून ५ टक्के, म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, इष्ट मानली आहे. डिंकाच्या लाडवात खारकेची पूड वाढविली की गूळ निम्म्यावर येऊ शकतो, हे करून पाहण्याजोगे आहे. काजूकतलीत मात्र पाकाची साखर फार कमी करता येत नाही, वडी धरत नाही. तेथे वड्याच लहान पाडाव्यात. तिच्यासाठी अखंड काजूही नकोत: बाजारातला ‘३२०’ हा आकडा एका पौंडात किती अखंड गर बसतात ते सांगतो, चवीचा त्याच्याशी संबंध नाही, आणि पूडच करावयाची तर तुकडा काजू पुष्कळ स्वस्तात पडतो.

मेव्याचे दोन शत्रू आहेत. पहिला खवटपणा: कवच फुटले, पूड झाली, की हवेने आणि उष्णतेने तेल बिघडू लागते, अक्रोडाचे सर्वांत लवकर; म्हणून पूड लागेल तेव्हाच करावी आणि अक्रोड घट्ट डब्यात घालून शीतकपाटात ठेवावेत. दुसरा शत्रू बुरशी, आणि हा अधिक भयंकर. ओलसर जागी साठवलेल्या दाण्यांवर जी पिवळट-हिरवी बुरशी येते ती अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृताला घातक विष निर्माण करते. १९६० साली इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी दूषित भुईमुगाच्या पेंडीने मेले, तेव्हा त्याचा शोध लागला. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरील आदिवासी खेड्यांत बुरशी धरलेल्या मक्यातून त्याने शंभरावर माणसांचे बळी घेतले. भाजण्याने हे विष पुरते नष्ट होत नाही. सुरकुतलेला, काळवंडलेला वा कडसर दाणा निवडून फेकावा, आणि तो फेकताना हात आखडू नये.

चिवड्याविषयी थोडक्यात सांगतो. पातळ पोहे उन्हात तापवून घेतले तर चमचाभर तेलाच्या फोडणीत कुरकुरीत होतात, आणि दाणे, काजू, खोबऱ्याचे काप तळण्याऐवजी कोरडे भाजले तरी चालते, कारण तेल त्यांच्या अंगीच आहे. मीठ मात्र हात राखून घालावे. चार-पाच वर्षांखालील मुलांना अखंड दाणा वा काजू देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. त्यांना कूट किंवा मऊ लाडूच द्यावा. ज्या मुलाला काजूने अंगावर गांधी उठतात त्याला पिस्ताही बाधण्याचा संभव असतो, कारण दोन्हींचे कूळ एक; अशा घरी पाहुणे म्हणून जाताना फराळाच्या डब्यावर आतल्या जिनसांची यादी चिकटवून न्यावी.