इशारा मिळताच गोठा मोकळा करावा

कृष्णा व पंचगंगा यांच्या काठच्या शेतकऱ्यांस पूर नवा नाही. परंतु २००५, २०१९ व २०२१ या सालांच्या महापुरांनी वाडवडिलांचे अंदाज खोटे ठरविले. मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्याचे शास्त्रज्ञांस आढळून आले आहे. अरबी समुद्रावरील बाष्प थोड्या दिवसांतच पुष्कळ पाऊस पाडते आणि घाटमाथ्यावरचे ते पाणी एकदम नदीस येऊन मिळते.

कोल्हापुरी राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांवर गेले व उभा ऊस बुडाला. पोंग्यात गाळ शिरला म्हणजे शेंडा कुजतो व उसाची वाढ खुंटते.

यास्तव ३९ फुटांचा इशारा मिळताच जनावरे, बियाणे व महत्त्वाचे कागद उंचावर हलवावेत. दावणीस बांधलेले जनावर पोहून वाचत नाही. ग्रामसेवकांनी मागील पुराच्या खुणा गावातील भिंतींवर ठळक रंगवाव्यात. पूर ओसरताच चर काढून शेतातील साचलेले पाणी बाहेर सोडावे.

पाऊस आपल्या हाती नाही. दाव्याची गाठ वेळीच सोडणे मात्र आपल्याच हाती आहे.