अँटीबॉडी भलत्यालाच चिकटली तर?

घरात कुणी बीपीसाठी अम्लोडिपिन घेतं का? ती गोळी ज्या प्रोटीनला अडवते, ते म्हणजे कॅल्शियम चॅनल. पेशीच्या भिंतीतलं दारच म्हणा ना. व्होल्टेज बदललं की ते उघडतं, कॅल्शियम आत येतं आणि स्नायू आखडतो.

माणसात या दाराच्या मुख्य भागाची 10 जनुकं आहेत. हृदयात आणि रक्तवाहिन्यांत प्रामुख्याने सीएव्ही 1.2 असतं. त्याचं सख्खं भावंड 1.3 मेंदूत, कानात आणि हृदयाची लय धरणाऱ्या पेशींत सापडतं. दोघं दिसायला बरीच सारखी. मग यातलं नेमकं कोण कुठे आहे हे ओळखायचं कसं?

प्रोटीनचा छोटासा तुकडा बनवून सशाला टोचतात. सशाचं शरीर त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं, ती कुपीत भरून विकली जाते. लॅबमध्ये जेलमधून प्रोटीन वजनानुसार वेगळी करायची, अँटीबॉडी लावायची, जिथे चिकटेल तिथे पट्टी उमटते. याला वेस्टर्न ब्लॉट म्हणतात.

गोची इथेच आहे. कोडमध्ये दोन अक्षरं सर्च केली की नको त्या फाइलीही येतात ना, तसंच अँटीबॉडी भलत्या प्रोटीनलाही चिकटते. पट्टी बरोबर वजनावर आली, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. काही जण तोच तुकडा अँटीबॉडीत आधी मिसळतात आणि पट्टी गायब झाली की खूश होतात. अहो, पण तुकड्याने अँटीबॉडीची पकडच अडवली, तर खोटी पट्टीही गायब होणारच!

खरी टेस्ट म्हणजे नॉकआउट, म्हणजे ते जनुकच काढून टाकलेला प्राणी. 1.3 नसलेले उंदीर जगतात, पण बहिरे असतात. त्यांच्या मेंदूतही पट्टी दिसली, तर अँटीबॉडी बाद. 1.2 चं काम अवघड, कारण ते नसलेलं पिल्लू गर्भातच मरतं. म्हणून तिथे एखाद्याच अवयवातून जनुक काढावं लागतं.

आणि हे फक्त कॅल्शियम चॅनलचं दुखणं नाही. मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातल्या वायकॅरोस गटाने मेंदूशी संबंधित 65 प्रोटीनसाठी विकल्या जाणाऱ्या 614 अँटीबॉडीज नॉकआउट पेशींवर तपासल्या. दर प्रोटीनमागे सरासरी 12 शोधनिबंध असे निघाले, ज्यांतली अँटीबॉडी तिचं प्रोटीन ओळखतच नव्हती. त्यानंतर कंपन्यांनी त्यातल्या बऱ्याच कुप्या विक्रीतून काढल्या. छापलेले पेपर मात्र अजून तसेच वाचले जातायत.