लूट बॉक्स: बंदी कुठे आहे, कुठे नाही

लूट बॉक्स म्हणजे गेममधली बंद पेटी. पैसे आधी मोजायचे, आत काय निघतं ते नंतर बघायचं. ‘ईए’ कंपनीच्या, 2023 पर्यंत ‘फिफा’ या नावाने येणाऱ्या फुटबॉलच्या गेममध्ये तिला पॅक म्हणतात. पॅक फोडला की स्क्रीनवर झगमगाट होतो आणि मेस्सीच्या आशेवर बसलेल्या मुलाच्या पदरात बहुधा कुणी साधासुधा खेळाडू पडतो.

‘युरोपने यावर बंदी घातली,’ असं सर्रास सांगितलं जातं. ठळक बंदी आहे ती बेल्जियममध्ये, आणि तीही नवा कायदा करून आलेली नाही. तिथल्या जुगार आयोगाने एप्रिल 2018 मध्ये 1999च्याच कायद्यावर बोट ठेवलं: पैसे लावले आणि नशिबावर हार-जीत ठरली, की तो जुगार. जानेवारी 2019 मध्ये ‘ईए’ने तिथे पॅक घेण्यासाठी लागणारे फिफा पॉइंट्स विकणं थांबवलं. पण पुढे एका अभ्यासकाने बेल्जियममधले सर्वाधिक कमाईचे 100 आयफोन गेम तपासले, तेव्हा 82 गेममध्ये लूट बॉक्स विकायला होतेच.

नेदरलँड्सने याच पॅकवरून ‘ईए’ला एक कोटी युरोंपर्यंत दंडाचा आदेश दिला, हे अजूनही सांगितलं जातं, पुढचं राहून जातं. 2020 मध्ये हेगच्या न्यायालयात तो आदेश टिकला, पण 9 मार्च 2022 रोजी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो रद्द केला. पॅक हा स्वतंत्र खेळ नाही, कौशल्याच्या मोठ्या खेळाचा तो एक भाग आहे, असं न्यायालयाचं म्हणणं. मला हे पटत नाही. एकामागून एक पॅक फोडत सुटलेल्या मुलाच्या डोळ्यांपुढे सामना नसतो, पुढचा पॅक असतो.

‘जुगार ठरला नाही, म्हणजे सरकारचे हात बांधले गेले,’ हा समज तर सगळ्यात घातक. जपानमध्ये ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच नशिबाने जुळला तरच मोठं बक्षीस, असा ‘कॉम्प गाचा’ प्रकार बोकाळला होता. 2012 मध्ये तो थांबला, तो बक्षिसांच्या आमिषाला आवर घालणाऱ्या ग्राहक कायद्याने. ऑस्ट्रेलियाने सप्टेंबर 2024 पासून वर्गीकरणाची वाट धरली: विकत घ्यायचे लूट बॉक्स असलेल्या नव्या गेमवर 15 वर्षांखालच्यांसाठी योग्य नाही, असा शिक्का तरी हवाच.

भारतात ऑगस्ट 2025 मध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. त्यात लूट बॉक्सचं नावही नाही. तेव्हा ‘आपल्याकडे आता बंदीच आहे’ असं धरून मुलाच्या फोनला कार्ड जोडून ठेवू नका.