जुन्या गाडीचा मागचा एक्सल : पारख आणि दुरुस्ती

सुट्टीत नागपूरला आजोळी स्वतःच्या गाडीने जायचे, म्हणून आम्ही एक जुनी छोटी मोटार घेतली. इंजिन उत्तम, रंग चकचकीत. पण स्पीडब्रेकरवरून जाताना मागून ‘खट्’ असा आवाज येई. मागच्या सीटवर मुले बसणार, तेव्हा दुर्लक्ष करवेना. त्या निमित्ताने आम्ही जे शिकलो, ते विद्यार्थी व पालक दोघांनाही उपयोगी पडावे.

पुष्कळ छोट्या गाड्यांची मागची दोन चाके एका आडव्या पोलादी तुळईने जोडलेली असतात. तिला टॉर्शन बीम म्हणतात; आपल्या भोपाळचे मिस्त्री सरळ ‘पिछला एक्सल’ म्हणतात. १९७४ च्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये ही रचना होती, २००५ साली भारतात आलेल्या मारुती स्विफ्टमध्येही होती. तुळईच्या दोन्ही टोकांना एकेक दांडा असतो. दांड्याचे पुढचे टोक रबरी बुशातून गाडीच्या सांगाड्याला, तर मागचे टोक चाकाला जोडलेले असते.

मुलांनो, एक प्रयोग करा. जाड पुठ्ठा इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा दुमडा आणि पिळा. तो सहज पिळला जाईल, पण वाकवायला जड जाईल. आता उघडी बाजू पुठ्ठ्याने झाकून पक्की चिकटवा. पीळ बसणे अवघड होईल. तुळई उघडी ठेवतात ती याचसाठी. एक चाक खड्ड्यात गेले की ती थोडी पिळते, आणि वळणावर गाडीला फार कलू देत नाही.

जुनी गाडी घेताना या गोष्टी पाहाव्यात :

१. मागचे टायर आतल्या कडेला जास्त झिजले आहेत का? तसे असल्यास तुळई वाकलेली असू शकते.
२. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधील अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजावे. लक्षात येण्याजोगा फरक म्हणजे धोक्याची सूचना.
३. बुशाचे रबर फाटले आहे का? शॉकअपमधून तेल गळते का?
४. जोडाजवळ गंज किंवा बारीक चीर आहे का? तारेच्या ब्रशने घासून पाहावे. रंगाखाली बरेच काही लपते.

आमच्या गाडीचा डावा बुश फाटलेला निघाला, आणि घासल्यावर जोडाजवळ केसासारखी चीर दिसली. “वेल्डिंग मारून देतो, स्वस्तात होईल,” असा सल्ला मिळाला. आम्ही तो मानला नाही. हे पोलाद सतत पिळले जाते. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारचा भाग कमजोर होऊन पुन्हा तिथेच तडकू शकतो. वाकलेली तुळई तापवून ठोकणेही तितकेच धोक्याचे. म्हणून त्याच मॉडेलची, सरळ आणि बिनतड्याची जुनी तुळई शोधून आणली.

ती घासून, गंज काढून, प्रायमर व रंग दिला. जुने बुश प्रेसवर काढले. नवे बसवताना त्यांची दिशा आधी केलेल्या खुणेशी जुळवली. गाडी नुसत्या जॅकवर कधीही ठेवू नये. पुढच्या चाकांना अडण लावून, खाली भक्कम स्टँड द्यावेत. ब्रेकचे पाइप सोडले असल्यास शेवटी ब्रेकमधील हवा काढावीच लागते.

एक गोष्ट अनेकदा चुकते. बुशाचे बोल्ट चाके लोंबकळत असताना घट्ट करू नयेत. तसे केल्यास गाडी खाली उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो व ते लवकर फाटते. गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच ते पूर्ण आवळावेत. मग चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्यावे.

आता ‘खट्’ आवाज बंद आहे. खर्च वेल्डिंगपेक्षा बराच जास्त झाला, पण नागपूरचा साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता निर्धास्तपणे कापता आला. पालकांना एवढेच सांगणे, की जुनी गाडी घेताना बॉनेट उघडून पाहताच, तसे एकदा वाकून मागे, खालीही पाहा.